ऊन दाखवणं

मराठी माणसाचा आणि उन्हाचा संबंध मोठा घरगुती आहे. थंडीत आपण ऊन खातो. वैशाखात आपल्याला ऊन लागतं. श्रावणात दोन सरींच्या मधे ते पडलं, की शाळेत पाठ केलेल्या कविता आठवतात. आणि घरातलं काही बिघडायच्या बेतात आहे असा संशय आला, की आपण त्याला ऊन दाखवतो.

'ऊन दाखवणं' हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. पाहुण्यांना मुलगी दाखवावी, गावाकडून आलेल्या मेव्हण्याला शनिवारवाडा दाखवावा, त्याच अगत्यानं आपण तूरडाळीला ऊन दाखवतो. गाद्यांना दाखवतो, गोधड्यांना दाखवतो, लग्नात शिवलेला आणि नंतर कधीच न झालेला सूट डांबराच्या गोळ्यांतून बाहेर काढून त्यालाही दाखवतो. यात एक बारीक खोच आहे. वस्तूला ऊन 'दाखवायचं' असतं, वस्तू उन्हात 'टाकायची' नसते. दाखवणं म्हणजे ओळख करून देणं. शिवाय ओळख किती करून द्यायची याचंही माप ठरलेलं. उडदाच्या पापडाला आधी सावली आणि मग जेमतेम एक ऊन. मिरच्यांना चार उन्हं. छुंद्याला आठ-दहा. आमची आई ही मापं अशा अधिकारानं सांगते, की डॉक्टरांनीही औषधाच्या गोळ्या सांगताना शिकून घ्यावं.

या शब्दाच्या पोटात वनस्पतिशास्त्राचा एक अख्खा धडा दडलेला आहे, हे मला कळलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांमुळे.

साहेब म्हणजे खरोखरीचे साहेब. एका मोठ्या कचेरीतून जानेवारीअखेर निवृत्त झाले. पस्तीस वर्षांपैकी शेवटची वीस काचेच्या केबिनीत गेलेली. बाहेर चाळीस डिग्री तापलेलं असो, साहेबांच्या केबिनीत बारा महिने कार्तिक. दाराशी शिपाई, मोटारीला काळ्या काचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर घराची गॅलरी सरकत्या काचा लावून बंद करून घेतली. सवयीचा भाग. मग त्या काचेच्या गॅलरीत सत्तावीस कुंड्या आल्या. सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे जाताना नर्सऱ्यांची रांगच्या रांग लागते. तिथून त्यांनी तुळस, सब्जा, मिरची, टोमॅटो, जास्वंद अशी कोवळी रोपं आणली आणि फायलींच्या शिस्तीनं मांडली.

रोपं वाढली. म्हणजे वाढली ती उंच! कॉलेजच्या पहिल्या वर्षातली पोरं जशी दिसतात तशी. उंची भरपूर, अंगात काही नाही. लांबलचक देठ, मोठमोठी पातळ पानं, रंग फिका हिरवा. साहेब कौतुकानं म्हणायचे, "बघा कशी तरारली आहेत!" आई मला हळूच म्हणायची, "तरारलेली नाहीत रे, ताणलेली आहेत."

आणि मग मे महिना आला. पुण्यात मेच्या मध्याला एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमाराला उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवशी सोसायटीतली पोरं गच्चीवर बाटल्या आणि डबे उभे करून सावली कुठे जाते ते बघत होती. नेमका तोच मुहूर्त साधून साहेबांनी आपल्या सत्तावीस कुंड्या गच्चीवर आणून मांडल्या. "मोकळी हवा मिळू दे जरा," म्हणाले. मोकळी हवा मिळाली. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके चट्टे आले, पाचव्या दिवशी त्यांचे तपकिरी कागद झाले. आठवड्याअखेर गच्चीवर जणू तंबाखूचं दुकान मांडलं होतं.

मग चौकशी समिती बसली. समितीत साहेब एकटेच होते. आधी संशय नर्सरीवाल्याच्या खतावर गेला, नंतर टाकीतल्या क्लोरीनवर, मग कबुतरांवर, आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंच्या दृष्टीवर. अखेर आईला गच्चीवर बोलावणं आलं. आईनं एक पान हातात घेतलं, चुरगाळून पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, यांनी ऊन बघितलंच नव्हतं हो कधी. तुम्ही दाखवलं नाहीत. एकदम टाकलंत."

"पण काकू, गॅलरीत दिवसभर ऊन यायचं की! काचेतून!"

या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं. ते माझ्या भाचीनं दिलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुटीत आमच्याकडे येते. आल्यावर गच्चीवर जाण्याआधी ती तोंडाला सनस्क्रीन फासते, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार दुहेरी आहे.

"मामा, काचेतून येतं ते ऊन नव्हेच," ती म्हणाली. "उन्हाचा फोटो."

मग तिनं मला अतिनील किरणांचं प्रकरण समजावलं. आपल्याला दिसणाऱ्या रंगांची रांग तांबड्यापासून सुरू होऊन जांभळ्यापाशी संपते. पण ती तिथे खरोखर संपत नाही. आपली नजर संपते. येना गावच्या योहान रिटरनं १८०१ साली प्रकाशाची अशी रांग पाडून तिच्यात सिल्व्हर क्लोराइड ठेवलं. हे क्षार उजेडानं काळे पडतात. तर जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सगळ्यात लवकर काळे पडले. विश्वकोशात या किरणांना 'जंबुपार' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे जांभळाच्या पार. मला हे नाव अतिनीलपेक्षा आवडतं. अतिनील म्हटलं की नीलचा थोरला भाऊ वाटतो. जंबुपार म्हटलं की कसं, नदीपलीकडचं, जरा भानगडीचं गाव वाटतं.

तर या गावात तीन भाऊ राहतात. ए, बी आणि सी. सी सगळ्यात जहाल, पण त्याला वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन वरच्यावर अडवतात; तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. ए बराचसा सौम्य, तो सगळीकडून आत शिरतो, खिडकीच्या काचेतूनसुद्धा. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत पंचाण्णव टक्के हाच असतो. मधला बी हा खरा नग. ओझोन त्याला सुमारे नव्वद टक्के अडवतो, पण जो थोडा निसटतो तोही पुरेसा असतो. तो पानात घुसला की पेशींतल्या डीएनएची मोडतोड करतो, अन्न शिजवणाऱ्या यंत्रणेत खोडा घालतो. झाडाच्या या अवस्थेला शास्त्रात शब्दही आपलाच आहे: ताण!

हा शब्द ऐकून मला झाडांविषयी एकदम बंधुभाव वाटला. ताण आला की आपण काय करतो? रजा टाकतो आणि महाबळेश्वरला जातो. झाडाला ती सोय नाही. आणि समजा असती, तरी उपयोग नव्हता. दर हजार मीटर उंचीला हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि महाबळेश्वर तेराशे मीटरांहून उंच आहे. म्हणजे झाड हवापालटाला गेलं तर ताण घेऊनच परत यायचं. तेव्हा त्याला आहे त्या जागी, उभ्या उभ्या, काय तो बंदोबस्त करावा लागतो.

बंदोबस्त असा. पेशींमध्ये एक प्रथिन असतं, त्याचं नाव यूव्हीआर-आठ. मोहरीच्या कुळातल्या एका क्षुद्र रानटी रोपावर काम करताना शास्त्रज्ञांना त्याचा शोध लागला आणि हाच बी-किरण ओळखणारा पहारेकरी, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. एरवी हे प्रथिन जोडीजोडीनं गळ्यात गळा घालून असतं. बी-किरण आला की जोडी फुटते. दुपारी जिन्यात गप्पा मारत बसलेल्या दोन शेजारणी खाली स्कूटरचा आवाज येताच कशा ताडकन उठून आपापल्या घरात शिरतात आणि भांडी वाजू लागतात, तसंच. सुटं झालेलं प्रथिन पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतं आणि कामाला सुरुवात होते. पान जाड करा. देठ आखूड ठेवा. आणि मुख्य म्हणजे, छत्री उघडा!

ही छत्री म्हणजे फ्लॅव्होनॉइड नावाच्या द्रव्यांची. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत ती साठतात. दिसणारा उजेड आत सोडतात, कारण त्यावर स्वयंपाक चालतो, आणि बी-किरण तेवढा वरच्या वर गिळतात. आपल्या डोळ्यांना ही द्रव्यं पानात दिसतही नाहीत. भाचीच्या सनस्क्रीनच्या बाटलीची किंमत मी पाहिली आहे. झाड तीच गोष्ट फुकटात, घरच्या घरी करतं आणि चेहरा पांढराफटक करून घेत नाही.

"पण मामा, ही छत्री निरोप आल्याशिवाय उघडत नाही," भाची म्हणाली. "साहेबांच्या काचेनं ए आत सोडला, उजेड आत सोडला आणि निरोप्या बी तेवढा बाहेर ठेवला. झाडांना वाटलं, जग असंच असतं."

अर्थात, सत्तावीस कुंड्यांचा खून एकट्या बी-किरणांच्या नावावर घालणं अन्यायाचं होईल, असंही तिनं बजावलं. सावलीला सरावलेल्या पानाला झगझगीत उजेडही सोसत नाही. त्यात तापलेली गच्ची आणि दुपारपर्यंत कोरडी ठक्क पडलेली माती. टोळीचं काम होतं. बी फक्त माहीतगार.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात थोर वाटली. छत्री उघडली तरी काही किरण आत शिरतातच आणि डीएनएच्या लांबलचक शिडीवर शेजारी शेजारी असलेले दोन घटक एकमेकांना नको तितके चिकटवून टाकतात. मग त्या शिडीवरून कामाची ये-जा होत नाही. ही चिकटलेली जोडी सोडवायला झाडाकडे फोटोलायेझ नावाचा कारागीर आहे. आणि त्याची हत्यारं कशावर चालतात? उजेडावर! निळ्या आणि ए जातीच्या किरणांवर. म्हणजे जो सूर्य चटका देतो, तोच मलमाच्या डबीचं झाकणही उघडून देतो. अझीझ सँकार यांना डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं; त्यांची सुरुवात याच कारागिराच्या अभ्यासानं झाली होती.

"आपल्याकडे असतो का ग हा?" मी आशेनं विचारलं.

"नाही. जिवाणूंकडे असतो, झाडांकडे असतो, कांगारूंकडेसुद्धा असतो. आपल्या शाखेनं तो कधीतरी गमावला. आपली दुरुस्ती दुसऱ्या पद्धतीनं होते. सावकाश."

सावकाश, हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही. दुरुस्तीच्या बाबतीत माणसाच्या जातीचा अनुभव मला आमच्या सोसायटीच्या लिफ्टपासून आहे.

एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग काच बरी! ताण नको नि दुरुस्ती नको. पण थांबा. तुळशीची एक चुलतबहीण आहे, सब्जा. उन्हाळ्यात आपण तिचं बी सरबतात घालतो. सब्जाच्या पानावर तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पान चुरगाळल्यावर जो घमघमाट येतो तो त्यातला. २००२ च्या सुमाराला संशोधकांनी दाखवून दिलं, की बी-किरण मुळीच न मिळालेल्या सब्जाच्या या पिशव्या नीट भरतच नाहीत. थोडे किरण मिळाले की भरतात. म्हणजे काचेआडचं झाड उंच होईल, हिरवं होईल, फोटोत छान येईल; फक्त वास येणार नाही. आईनं त्या दिवशी गच्चीवर पान चुरगाळून नाकाशी नेलं होतं ते कशासाठी, हे मला तेव्हा उमगलं.

सगळा प्रश्न मापाचा. पृथ्वीवरही नर्सरीतल्या हिरव्या जाळीसारखी एक जाळी आहे, ओझोनची. आपल्या फ्रिजांतल्या आणि फवाऱ्यांतल्या वायूंनी ती विरत चालली आणि अंटार्क्टिकावर तिला भोक पडलं आहे, हे १९८५ मध्ये उघड झालं. त्यावर माणसं एकमेकांवर न खेकसता चक्क शहाण्यासारखी वागली. १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, १९९२ मध्ये आपणही त्यात सामील झालो, आणि पुढे जगातल्या एकूण एक देशांनी त्यावर सह्या केल्या. आमच्या सोसायटीत पाण्याच्या वेळेवर एकमत होत नाही, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट चमत्काराचीच म्हणायची. जाळी आता हळूहळू भरून येते आहे. हा करार झालाच नसता तर काय झालं असतं, याचं गणित २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. किरणांनी झाडं इतकी खुरटली असती, की शतकाच्या अखेरीला त्यांच्यात आणि मातीत सव्वातीनशे ते सातशे अब्ज टनांच्या दरम्यान कार्बन कमी साठला असता. तो हवेत राहिला असता आणि आणखी उकाडा झाला असता. मे महिन्यात पुण्यात राहणाऱ्या माणसाला यापुढचं वर्णन नको.

तर, सत्तावीस कुंड्या. आईनं त्या ताब्यात घेतल्या. पहिले दोन दिवस जिन्यातल्या सावलीत. मग पूर्वेच्या कट्ट्यावर सकाळचा एक तास. मग दोन तास. दुपारी वरून आईचं जुनं, विटलेलं लुगडं ताणून बांधायचं. हे सगळं साहेबांनी स्वतः करायचं, अशी अट होती. साहेब रोज सकाळी सातला गच्चीवर यायला लागले. वहिनी जिन्यात भेटल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "पाच महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडताहेत हो!"

कारण मला नंतर आईकडून कळलं. निवृत्तीनंतर आठच दिवसांनी साहेब पेन्शनच्या एका कागदासाठी आपल्याच जुन्या कचेरीत गेले होते. शिपाई नवा होता. त्यानं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. समोर त्यांचीच केबिन, त्यांचीच काच. दोन तास साहेब त्या काचेकडे बाहेरच्या बाजूनं बघत बसले. मग कुणीतरी येऊन सांगितलं, "आजोबा, उद्या या." ते उद्या गेले नाहीत. परवाही गेले नाहीत. घरी येऊन त्यांनी गॅलरीला काचा लावून घेतल्या.

एका सकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा साहेब एका करपलेल्या पानावर पाणी शिंपडत होते. "काकू, हे पुन्हा हिरवं होईल का हो?"

"छे हो!" आई म्हणाली. आईला खोटा धीर देता येत नाही. "जळलेलं पान जळलेलंच. ते गळून जाईल. नवं येईल ना, ते मात्र ऊन ओळखून येईल."

साहेब बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. ते पानाविषयीच ऐकत होते की आणखी कशाविषयी, हे मी विचारलं नाही.

सत्तावीसपैकी एकोणीस कुंड्या वाचल्या. नवी पानं आली ती लहान, जाड, गडद. दिसायला पहिल्यासारखी ऐटबाज नाहीत, पण आई म्हणते, "आता कशी घरची वाटतात." साहेबही थोडे तसेच दिसू लागले. रंग रापला. मिरच्या वाटायच्या निमित्तानं जिने उतरू लागले. सोसायटीचे हिशेब बघू लागले, आणि आठ वर्षांत कुणाला न सापडलेले चारशे बारा रुपये त्यांना सापडले.

नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. यंदा साहेब त्यासाठी गेले ते सोसायटीतल्या आणखी चौघा म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन. रांगेत उभे राहिले. एकाला अर्ज भरून दिला, दुसऱ्याला पाणी आणून दिलं. दीड तासानं नंबर लागला. खिडकीपलीकडच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "हयात असल्याचा पुरावा?"

साहेब सांगत होते, शर्टाच्या खिशात सकाळी खुडलेलं सब्जाचं पान होतं. क्षणभर वाटलं, तेच चुरगाळून त्याच्या नाकापुढे धरावं.

दिलं मात्र आधार कार्डच.